पाण्याच्या दिवशीचं नेट

आमच्या गल्लीत अक्कल सोडून सगळं उसनं मिळतं. एकवीस वर्षं मी या जळकोटात मुख्याध्यापकी केली. निम्मी गल्ली माझ्या हाताखालून गेली, आणि त्यांच्याकडं बघितलं की मला माझ्या शिकवण्याचीच लाज वाटते. त्यामुळं घरचं नेट रखडायला लागलं तेव्हा दोष कुणाचा याबद्दल मला शंका नव्हती. फक्त पुरावा हवा होता.

घाई होती ती माझ्या मुलीमुळं. क्षमा रसायनशास्त्रात एम. एस्सी. झालेली. पुण्याच्या एका औषध कंपनीच्या तीन फेऱ्या पार करून शेवटच्या मुलाखतीला पोचली होती. मुलाखत चोवीस तारखेला, मंगळवारी सकाळी दहाला, घरूनच लॅपटॉपवर. मोबाईलची रेंज आमच्याकडं गच्चीच्या एकाच कोपऱ्यात येते, तीही मर्जी असेल तर. "पप्पा, मी सोलापूरला मैत्रिणीकडं जाऊन देते," असं ती म्हणाली होती. मी साफ नाही म्हणालो. आबाराव गुरुजींच्या घरात नेट असताना पोरीनं दुसऱ्याच्या दारात का जावं?

मी वही घातली. रोज तीन वेळा स्पीड तपासायचा आणि तारखेसकट लिहायचा. एखाद्या सकाळी ऐंशी, एखाद्या सकाळी त्याच वेळेला तीन, कधी चक्क शून्य. पहिला संशय समोरच्या धुरपदाबाईंवर. बाई दिवसभर ओट्यावर बसून मोबाईलवर कीर्तनं बघतात. एवढं नेट यांना कोण देतं? पासवर्ड बदलून एकोणीस अक्षरांचा केला. नेटमध्ये काडीचा फरक नाही, वर आमच्या सौभाग्यवती मथुराबाईंना स्वतःच्याच घरात मोबाईल लावता येईना. मग राऊटर कपाटावरून काढून मधल्या खोलीत उंच टांगला, इन्व्हर्टरला जोडला. तरी रडगाणं तेच.

शेवटी नेटवाला राजशेखर आला. हाही माझाच विद्यार्थी. सातवीपर्यंत याला सतराचा पाढा आला नाही, आणि आता हा मला तंत्रज्ञान सांगणार. त्यानं राऊटर बघितला, वायर बघितली, मग माझी वही मागून घेतली आणि ओट्यावर बसून बराच वेळ पानं उलटत राहिला.

"गुरुजी, नेट बसलेले दिवस बघा. चार तारीख, नऊ, चौदा, एकोणीस. पाच-पाच दिवसांनी."

"मग?"

"नळाचे दिवस हायेत हे. पाणी आलं की अख्खी गल्ली नळाला मोटार लावती. व्होल्टेज पार बसतं. आन् खांबावर आमची जी पेटी हाय ना, तिला..."

"बस. मोटारी. कळलं मला."

"न्हाय गुरुजी, ती पेटी गल्लीच्या लाईटीवर..."

"राजशेखर, गुरुजी कोण? तू का मी?"

तो हत्यारं पिशवीत भरून निघून गेला. क्षमा दारात उभी होती. पुढचं पाणी चोवीसलाच येणार हे तिच्या लगेच लक्षात आलं.

"मी बोलते गल्लीत," ती म्हणाली. "अर्धा तास मोटारी लावू नका म्हणते."

मला हसू आलं. "पाच दिवसांनी येणारं पाणी ही माणसं तुझ्यासाठी सोडतील? वर्गात ज्यांनी कधी माझं ऐकलं नाही, ते तुझं ऐकणार? पालथ्या घड्यावर पाणी."

ती आत गेली. विषय संपला असं मी धरून चाललो.

उपाय माझ्याकडं होता. गल्लीच्या तोंडाशी लाईटची डीपी आहे. तिच्या पेटीला दार आहे, कुलूप नाही. ज्याला वाटेल तो येतो, फ्यूज काढतो, फ्यूज घालतो. गावाची रीतच आहे ती. या अडाणी रीतीवर मी जन्मभर तोंडसुख घेतलं होतं. पण फ्यूज काढला की गल्लीच्या सगळ्या मोटारी मुक्या, आणि माझा राऊटर इन्व्हर्टरवर खुशाल चालू. गाढवांना समजावत बसण्यापेक्षा दावं आवळलेलं बरं.

मंगळवारी पावणेदहाला नळ आला. दहाला क्षमानं मधल्या खोलीचं दार लावून घेतलं. मी ओट्यावर पहाऱ्याला बसलो. आतून तिचा आवाज येत होता, स्वच्छ, न अडखळणारा, इंग्रजीत. ऊर भरून आला. तेवढ्यात धुरपदाबाई बाहेर आल्या आणि त्यांनी नळाला पाईप खोचला. पाईप लागला म्हणजे मोटार आलीच. मी चपला घातल्या, झपाझप चालत डीपी गाठली आणि फ्यूज ओढून काढला.

परत येताना मी ऐटीत होतो. मग गल्लीकडं नीट बघितलं. बाया नळाखाली वाकून तांब्या-तांब्यानं हंडे भरत होत्या. धुरपदाबाईंचा पाईप बारीक धारेनं बादलीत गळत होता. त्यांची मोटार कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेली होती. एकाही नळाला मोटार नव्हती.

राजशेखर खांबाजवळून पळत आला.

"गुरुजी, लाईट कशी काय गेली? आमची पेटी बंद पडली. पोरीची लाईन तुटली!"

"माझा राऊटर इन्व्हर्टरवर आहे."

"राऊटर असू द्या हो. लाईन या पेटीतनं येती, आन् पेटीला गल्लीचीच लाईट. त्या दिवशी त्येच सांगत हुतो." त्याला धाप लागली होती. "आन् आज तर कुणीच मोटार लावली न्हाय. क्षमा काल घरोघर फिरली. साडेदहापस्तोर थांबतो म्हणले समदे. मला बी तिनंच हितं उभं केलं..."

बोलता बोलता त्याची नजर माझ्या हातातल्या फ्यूजवर गेली. त्यानं फ्यूज माझ्या हातातून काढून घेतला आणि डीपीकडं धावला.

लाईट लगेच आली. पेटी सुरू व्हायला सात मिनिटं लागली. त्यानंतर क्षमाच्या लॅपटॉपवर निरोप आला: संपर्क तुटल्यामुळं मुलाखत थांबवली आहे, इतर उमेदवार असल्यानं पुन्हा वेळ देता येणार नाही.

ती दारात आली तेव्हा राजशेखर खाली मान घालून उभा होता. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्या काळ्या झालेल्या बोटांकडं. तिला सांगावं लागलं नाही. मी आयुष्यभर ज्या नजरेनं या गल्लीकडं बघत आलो, तीच नजर होती ती. मला स्वतःची किळस आली.

समोरून धुरपदाबाई हात पुसत आल्या. नळाची धार एव्हाना करंगळीएवढी झाली होती.

"झालं का गं क्षमा? मेली लाईट मधीच गेली. अजून थांबायचं असंल तर थांबतो बघ आमी."

"झालं मावशी," क्षमा म्हणाली. "लावा आता मोटार."

"मंग पेढं कवा देती?"

"पप्पांना विचारा," ती म्हणाली आणि आत गेली.

धुरपदाबाई हसत माझ्याकडं वळल्या आणि उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.