वरच्या जबड्याचं हाड

डॉक्टर तृप्तीनं डोमाच्या तोंडात आरसा घातला आणि ती गप्पच झाली. डॉक्टर रागावली तर माणूस ऐकून घेतो, पण गप्प डॉक्टर नको रे बाप्पा!

"टाके उसवलेत. भरलेलं हाड बाहेर येतंय," ती शेवटी म्हणाली. "काका, खर्रा खाल्ला?"

"नाई."

"खरं सांगा."

"नाई म्हनलं ना बाई! तुमी मनाई केली तवापासून बोटालेही लावला नाई."

शेजारी उभी असलेली त्याची बायको वच्छलाही संशयानंच बघत होती. डोमाला भयंकर राग आला. पण बोलणार कोणत्या तोंडानं? वरचे पुढचे दात त्या सुपारी-तंबाखूच्या खर्र्यापायीच तर गेले होते, आणि दातांपाठोपाठ हाडही झिजलं होतं.

डोमा सानगडीचा, धनीरामच्या बँडमधला क्लॅरिओनेटवाला. साकोलीपासून लाखांदूरपर्यंत त्याच्याशिवाय वरात निघत नसे. पण क्लॅरिओनेटची चोच वरच्या दातांवर टेकावी लागते. दात गेले आणि सुराची नुसती फुसफुस झाली. कवळी लावून पाहिली, तर भर वरातीत ती जिभेवर आली आणि वऱ्हाडी खदाखदा हसले. त्या दिवशी तो जेवला नाही. स्क्रूचे पक्के दात बसवावे, तर स्क्रू धरायला हाडच नाही. म्हणून तृप्तीनं आधी हाड भरून टाके घातले होते आणि बजावलं होतं, खर्रा बंद, फुंकणं बंद, स्ट्रॉनं पिणं बंद.

डोमानं सगळं पाळलं. गडी चहासुद्धा फुंकत नव्हता, निवायची वाट पाहायचा.

तृप्ती एक्स-रे बघायला वळली. इकडे डोमाचा जीव टांगणीला. बोलावं तर कोणी खरं मानेना. त्यानं खिशातून लाकडाची पातळ पट्टी काढली आणि तोंडात धरून चोखू लागला.

तृप्तीनं वळून पाहिलं. "हे काय?"

"रीड हाय, क्लॅरिओनेटची. वाळली त तडकते. ओली ठेवा लागते."

"रोज चोखता?"

"रोज सकारी. पन फुंकलं नाई, आईशपथ!"

तृप्ती मटकन स्टुलावर बसली. "अहो काका, चोखल्यानंही टाक्यांना ओढ बसते. म्हणून तर स्ट्रॉनं काही पिऊ नका म्हटलं होतं."

"म्या कुठं काई पेलो?"

"अगाई!" वच्छलानं कपाळावर हात मारला. "मी रोज पाहून राहिली होती. मले वाटलं, खर्र्यापरीस बरं हाय."

तृप्तीनं आडपडदा न ठेवता सांगितलं. एक तर पुन्हा कवळी. नाहीतर नागपूरला गालाच्या हाडात लांब स्क्रू बसवतात. दात लवकर मिळतील, पण ऑपरेशन मोठं आणि त्यावर क्लॅरिओनेट पेलेल याची खात्री नाही. तिसरं म्हणजे आज सगळं साफ करायचं, जखम भरली की पुन्हा हाड भरायचं, ते धरलं तर स्क्रू. "वर्ष जाईल. तोवर वाजवणं नाही, रीडही नाही. आणि धरेलच असं मी लिहून देणार नाही."

वर्ष! म्हणजे अख्खी लग्नसराई गेली. त्यानं तिथूनच धनीरामला फोन लावला.

"धनीराम, यंदा दुसरा क्लॅरिओनेटवाला पाहून घे."

धनीराम म्हणाला, "पाह्यला, दादा. पवनीचा हाय एक. दिवाळीपासूनच येऊन राहिला. तुले सांगाची हिंमत नाई झाली."

"कसा वाजवते?"

"तुह्यासारखा नाई."

"खोटं नको बोलू."

"चांगला वाजवते, दादा. लोक थांबून आयकते."

डोमानं फोन खिशात टाकला. वच्छलाला सगळं ऐकू गेलं होतं. ती हळूच म्हणाली, "मंग आता कायले सालभर हाल करून घेता? कवळी लावा. भात त खाता येईन."

"भातासाठी दात नाई पायजेत मले," डोमा खेकसला. मग खुर्चीत मागं टेकला. "साफ करा बाई. थांबतो मी वर्षभर."

त्यानं तोंड उघडलं. इंजेक्शन अजून टोचलंही नव्हतं, तरी डोळ्यांतून पाणी वाहून कानाशी येत होतं. वच्छलानं पदरानं ते टिपलं.

"दुखते का?"

"हो," डोमा म्हणाला.