दगडाबाई वाहून गेली नाही

मरण्याआधी दगडाबाईनं लेकाला एकच सांगितलं होतं, "मला धरून ठिवू नगंस रं रोहिदास. वाहत्या पाण्यात सोड."

तिसऱ्या दिवशी आम्ही राख घेऊन वडगावच्या घाटावर गेलो, तर वाहतं पाणी कुठाय? या काठापासून पार दौंडच्या काठापर्यंत जलपर्णी. वरच्या शहरांनी नदीत हगायचं, आम्ही उसाला पोत्यानं युरिया ओतायचा, आणि वर भीमामाई म्हणून हात जोडायचे. रोहिदासनं पाटी उपडी केली. राख पानांवरच बसली. हाडंसुद्धा.

त्यानं बांबूनं पानं सारली. खाली काळं पाणी. बुडबुडे आले, कुजका वास आला. बांबू काढला तशी पानं परत मिटली.

"वारं सुटलं की जाईल," त्याचा मामा सोपानराव म्हणाला.

"मामा, आई हाय ती. कचरा न्हाई," रोहिदासची बहीण अनिता फाडकन बोलली.

वारं सुटलं. सगळी जलपर्णी खाली सरकली, मधे पाणी उघडं पडलं. दगडाबाईचा तेवढा पुंजका मात्र काठाला धरून राहिला. उलट वाढला. बाकीची गुडघाभर, ही कमरेला. डोक्यावर पदर घेऊन बाई उकिडवी बसावी तशी. बाया त्या घाटावर धुणं नेईनात.

रोहिदासच्या उसातला ओघळ नेमका तिथंच नदीत पडतो. शेजाऱ्यानं युरियाचं एक पोतं टाकलं की हा दोन टाकणार. ऊस खाईल तेवढं खातो, उरलेलं पाण्याबरोबर खाली.

"रोज तूच तिला जेवाया घालतुयास, दादा," अनिता म्हणाली. "भरल्या ताटावरनं कोण उठतंय व्हय?"

रोहिदास कोयता घेऊन छातीएवढ्या पाण्यात उतरला. मुळं लांब, काळी, न्हाऊन मोकळ्या सोडलेल्या केसांसारखी. मांड्यांना गुंडाळत होती. मुळांत राख अडकलेली. कापून कापून त्यानं ढीग काठावर ओढला, आणि ओघळ बुजवायला घेतला. कशानं? त्याच जलपर्णीनं, वर चिखल थापून. हाताला लागेल ते कोंबायचं, ही आमची रीतच.

नदीत उरलेला पुंजका पिवळा पडला, सुटला, धारेबरोबर खाली वाहत गेला.

"सुटली बाबा," सोपानराव म्हणाला. रोहिदास लहान पोरासारखा रडला.

पण ओघळ बंद म्हटल्यावर पाणी उसातच तुंबलं. पुढच्या खताला रोहिदास काखेत घमेलं घेऊन सरीतून निघाला, मूठमूठ युरिया फेकत. मागून अनिता भाकरी घेऊन आली. शेवटच्या सरीत, बुजवलेल्या ओघळाच्या तोंडाशी तुंबलेल्या पाण्यात, उसाच्या बुडाशी जलपर्णी बसलेली होती. कमरेएवढी. जांभळा तुरा आलेला. नदीकडं पाठ, घराकडं तोंड.

"दादा, थांब!"

मूठ आधीच सुटली होती. पांढरे दाणे पानांवरून घरंगळत मुळाशी गेले.