कॅप्टनच्या घरी गार झालेली कॉफी

गरम

सॉल्ट गावाहून चार गाड्या भरून माणसं आली, सगळी काळ्या कोटात. समोरची उम्म आयहम गच्चीतून ओरडली, "मुबारक गं! कुणाला मागणी?"

"मलाच," मी म्हटलं. आम्हाला तिन्ही मुलगेच.

बुजुर्गांनी घरी यायचं, म्होरक्याने कॉफीचा कप पुढ्यात ठेवायचा आणि मागितलेलं मिळेपर्यंत ओठाला लावायचा नाही; तोवर बाकीचेही थांबतात. पोरगी मागायला, खुनाचा समेट करायला आमच्याकडे हीच रीत. विमानाच्या सहीसाठी ती कुणी वापरल्याचं मी अम्मानमध्ये पहिल्यांदाच पाहत होते.

सही माझ्या नवऱ्याची, कॅप्टन वासफीची. शिकाऊ वैमानिकांना पुढे सोडायचं की नाही, हे तो ठरवतो. आणि अडली होती ती रनीम, जी आत्ता माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून वेलदोडे सोलत होती.

"काकू, मी बाबांना नको म्हटलं होतं."

"बाप कधी ऐकतो का? तू सोल."

रनीम नव्या वाटेने शिकलेली. जुन्या वाटेने पोरं छोट्या विमानात एकटी वर्षानुवर्षं घिरट्या घालतात, मग मोठ्यात येतात. नव्या वाटेत छोटं विमान जेवणाआधीच्या लोणच्याएवढं, बाकी सगळं शिक्षण जमिनीवरच्या खोट्या कॉकपिटात. आता उरलं होतं रिकामं मोठं विमान खरोखर उडवून उतरवणं. वासफीने सही केली नाही, तर तिची तुकडी पुढे जाणार आणि ही पहिल्यापासून सुरू.

मेंढ्या (यांचा कॉफीशी संबंध नाही)

तरुणपणी वासफीने बंद पडलेलं छोटं विमान वाळवंटातल्या रस्त्यावर उतरवलं. समोर मेंढ्या होत्या. लग्नाच्या वर्षी त्या दहा-बारा होत्या. हल्ली मेंढपाळाला मोजता येणार नाहीत एवढ्या झाल्यात. नव्या वाटेबद्दल काहीही विचारा, उत्तर मेंढ्यांपाशी येतं.

कोमट

"कॅप्टनसाहेब," म्होरके अबू मिफ्लेह म्हणाले, दाढी छातीपर्यंत, आवाज त्याहून खाली, "आमची लेक तुमची लेक. शब्द द्या, म्हणजे कॉफी पितो."

"हाजी, ही लग्नाची बोलणी नाहीत. मागे दोनशे माणसं बसतात. पोरगी हुशार आहे, पण भीती कुठे शिकली? त्या खोट्या कॉकपिटात चुकलं की बटण दाबतात, विमान पुन्हा आकाशात! मी जेव्हा त्या रस्त्यावर उतरलो, समोर मेंढ्या..."

स्वयंपाकघरात रनीम पुटपुटली, "आल्या."

मग तिला राहवलं नाही. दारातूनच म्हणाली, "काका, तुमची मोठ्या विमानातली इंजिनं किती वेळा बंद पडली?"

"देवाच्या दयेने, एकदाही नाही."

"माझी तिथे दर आठवड्याला पडतात. मग सराव कुणाचा जास्त?"

कोटांमध्ये हसू फुटलं. वासफीचे कान लाल झाले. मला माहीत आहे, कान लाल झाले की तो खोडी काढतो.

गार

"ठीक," तो म्हणाला. "सही देतो. विमान रिकामंच असतं. तुम्ही सगळे मागे बसा."

असं कुणालाही बसवता येत नाही. तसल्या उड्डाणात प्रवासी नसतातच. हे त्याला ठाऊक, मला ठाऊक, रनीमला ठाऊक. काळ्या कोटांना नव्हतं.

अबू मिफ्लेहांनी दाढी चाचपली. "मला उंचीचा त्रास आहे. डॉक्टरांनी गच्चीसुद्धा बंद केलीय."

"माझा परवा निकाल आहे कोर्टात," दुसरा म्हणाला.

"मी अकाबाला बसनेच जातो. बसमध्ये कसं, खिडकी उघडते."

"अरे, पोरीवर विश्वास नाही की काय?" वासफी गोड आवाजात म्हणाला.

"विश्वास आहे हो! विश्वास असला म्हणजे बसायलाच हवं का?"

रनीमच्या हातातला वेलदोडा तसाच राहिला. ती त्या सगळ्यांकडे पाहत नव्हती. कोपऱ्यातल्या एकाकडे पाहत होती. तो तिचा बाप. औषधाचं दुकान चालवतो. सरकत्या जिन्यालाही घाबरतो. मॉलमध्ये बायको वर जाते, हा खाली वाट पाहतो.

त्याने समोरचा कप उचलला आणि गार कॉफी एका घोटात संपवली.

"मी बसतो," तो म्हणाला.

म्होरक्याच्या आधी कप रिकामा! अबू मिफ्लेहांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि चटकन आपलाही ढोसला. मग सगळ्यांनीच. मागणाऱ्यांनी कॉफी प्यायली म्हणजे यजमानाने शब्द दिला, आजवर तरी असंच होतं.

"अहो, मी अजून..." वासफी उठला.

"अल्ला तुमचं घर भरलेलं ठेवो!" अबू मिफ्लेह निघालेसुद्धा.

वासफीने त्या रिकाम्या कपांकडे पाहिलं, मग रनीमकडे. "कॉफीने विमान उतरत नाही, पोरी."

"माहीत आहे काका."

"शेजारी मी बसेन. माझा हात एकदा जरी चालवायच्या दांड्याला लागला, तर परत छोट्या विमानात. वर्षभर."

"आणि नाही लागला तर?"

"तर मेंढ्यांची गोष्ट पुन्हा ऐकवणार नाही."

"हे काकूंना लिहून द्या," ती म्हणाली.

पुन्हा गरम

अकाबाच्या विमानतळावर उड्डाणाच्या दिवशी आडवा वारा होता. तिचा बाप कुंपणाबाहेर उभा राहिला. आत बसता येत नाही हे कळल्यावर आधी त्याला हायसं वाटलं आणि मग वाईट वाटलं, असं त्यानेच मला सांगितलं.

वासफी घरी आला.

"उतरवलं का तिने?"

"हं."

"हात लावलास?"

"कॉफी टाक."

तो कपडे बदलताना मी पाहिलं. दोन्ही गुडघ्यांवर त्याच्याच नखांचे लाल चंद्र, एकेकावर पाच. मी तेल आणलं आणि चोळायला बसले. मेंढ्यांचा विषय त्याने काढला नाही.