पिल्सनरमधलं लोणी

जर्मन पद्धतीच्या पिल्सनर बिअरला लपायला जागा नसते. काळ्या, दाट बिअरमध्ये चार चुका खपून जातात. ही मात्र वाळल्या गवतासारखी पिवळी, आरपार दिसणारी, कोरडी आणि कडू. करणाऱ्याचा हात जरा चुकला की ग्लासच चहाडी करतो. म्हणून घरगुती बिअरच्या स्पर्धेत ताई नेहमी याच टेबलावर बसे. ग्लासावर नाव नसतं, नुसता आकडा. परीक्षकाने हुंगायचं, चाखायचं आणि ग्लासात जे आहे तेवढंच बोलायचं.

त्या दुपारी एका ग्लासाशी ती थबकली. हॉप्सच्या बोंडांचा कडूपणा जिभेच्या कडांवर चढायचा आणि घोट संपता संपता खटकन थांबायचा. कडूपणाला असा लगाम घालणारा माणूस तिला एकच ठाऊक होता, तिचा धाकटा भाऊ. पण त्या सगळ्यावर वितळलेल्या लोण्याचा जाड वास पसरला होता.

"पॉपकॉर्न मागवा कुणीतरी," दाढीवाला परीक्षक म्हणाला. "सिनेमा तेवढा बाकी आहे."

"घाई, दुसरं काय," टेबलप्रमुख बाई म्हणाल्या. "उबेत ठेवायचा धीर नाही, लगेच नेली गारठवायला."

यीस्ट काम करताना हा वास मागे सोडतं. शेवटी बिअर थोडे दिवस उबेत ठेवली तर स्वतःच तो निस्तरतं. धाकट्याचं तेवढ्याने भागत नसे. गारठवण्याआधी तो दोन छोटे ग्लास काढायचा, एक गरम पाण्यात धरायचा, कारण दडलेलं लोणी ऊब लागली की वर येतं, आणि मग दोन्ही हुंगायचा. शंका आली तर आठवडा थांबायचा. घरच्यांनी त्याच्यापुढे हात टेकले होते. या माणसाने घाई करणं शक्यच नव्हतं. त्याने दोन्ही ग्लास हुंगले असणार आणि त्याच्या नाकाला काहीच लागलं नसणार.

मागे तिच्याकडे दूध करपलं, तेव्हा तो शेगडीशेजारी निवांत पेपर वाचत बसला होता. आणि भावजय म्हणाली होती, "हल्ली हा जेवणाला नावं ठेवत नाही, ताई. सुधारला." सगळे हसले होते. तोही.

"ही माझ्या ओळखीची वाटते," ताईने ग्लास खाली ठेवला. "मी उठते." ओळखीची बिअर आली की परीक्षकाने उठायचं, असा नियमच होता. प्रमुख बाईंनी मान हलवली आणि दुसऱ्या परीक्षकाला बोलावलं.

धाकटा मागच्या दारी, रिकाम्या खोक्यांवर बसला होता. तिला अर्ध्यातून बाहेर आलेली पाहून त्याचा चेहरा उजळला.

"उठलीस म्हणजे ओळखलीस. मग? छान उतरलीय ना?"

"कधीपासून वास येत नाही तुला?"

"त्या तापापासून. डॉक्टर आधी म्हणायचे, येईल परत. आता तेही विषय काढत नाहीत."

"बायकोला माहीत आहे?"

"तिला वाटतंय मी सुधारलोय. राहू दे ना, तेवढंच एक सुख." तो हसला. "ही नुसती घड्याळ आणि थर्मामीटर बघून केली. म्हटलं, ही तुम्हा लोकांच्या नाकाखालून सुटली, तर कुणाला काही सांगायचंच नाही. करत राहायचं. लोणी आहे?"

"आहे."

"थोडं?"

"थोडं नाही."

त्याने मान डोलावली.

"मी येत जाईन," ताई म्हणाली. "हुंगायचं काम माझं."

"आणि मी काय करू? पिंपं धुऊ?"

त्याने पिशवीतून एक बाटली काढली, कागदी कपात ओतली आणि कप तिच्या हातात दिला. "बाकीचं सांग. लोणी सोडून."

तिने नाक कपात घातलं. "भाजलेल्या पावाची कड."

"हं."

"ओलं गवत. मिरी, अगदी किंचित."

तो डोळे मिटून ऐकत होता. "अजून?"

अजून काही नव्हतं. लोण्याने सगळं झाकलं होतं. ती पुन्हा हुंगत राहिली. त्याची मान तशीच तिच्याकडे कललेली.

"फुलं," ती म्हणाली. "खूप मागे. पांढरी कसलीतरी."

त्याने डोळे उघडले. "फुलांच्या वासाचे हॉप्स मी यात घातलेच नाहीत, ताई."

"मग माझं चुकलं असेल."

"तुझं चुकत नाही कधी." त्याने कप तिच्या हातातून काढून घेतला आणि हळूच दाराशेजारच्या मोरीत ओतला. "बिअरबद्दल तू माझ्याशी खोटं बोलायला लागलीस म्हणजे झालंच की."

आतून पुढच्या फेरीसाठी तिला हाक आली. ती हलली नाही.

"तुझं आटोपलं की घरी चल," धाकटा म्हणाला. "माझ्या नाकाचं हिला तू सांग. माझ्याने नाही व्हायचं."