चारशे बारा नावं

संगणकाच्या पडद्यावर एकच ओळ होती: ‘हे खाते बंद ठेवण्यात आले आहे.’ जयवंत धुरींनी ती तीनदा वाचली. शेजारच्या खुर्चीत अंबिकावहिनी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना नवऱ्याच्या, बुधाजीच्या, नावाचा एक कागद छापून हवा होता. गिरणी कामगारांच्या घरासाठी केलेल्या अर्जाची परवा तपासणी होती आणि बुधाजी गिरणीत होता याचा दुसरा पुरावा त्यांच्याजवळ नव्हता.

संप फिसकटून तीस वर्षं होत आली होती. गिरणीच्या जागी काचेचा टॉवर उभा राहिला, पण साचेखात्याचं, म्हणजे कापड विणायच्या खात्याचं, एक हजेरीबुक टाइमकीपर सीतारामच्या माळ्यावर तेवढं वाचलं होतं. लालबागला कॉम्प्युटरचे वर्ग चालवणाऱ्या मृणालिनीने एक वेबसाइट काढली. अकरा रविवार जयवंतरावांनी नावं वाचली आणि तिने ती टाइप केली. चारशे बारा नावं. ज्यांच्याकडे कागदाचा कपटाही उरला नव्हता, त्यांना कामगार संघटनेची माणसं ती यादी पाहून दाखला देत. पुढे सीतारामचं घर रिकामं करायची वेळ आली तेव्हा त्याच्या सुनेने विचारलं, वहीचं काय करू? जयवंतराव ऐटीत म्हणाले, “दे रद्दीत. इंटरनेटवर गेलंय ते, त्याला आता मरण नाही.” शहाण्या माणसाच्या तोंडून कधीकधी असं काही निघतं की देवानेही कान झाकावेत.

“मेलं की काय गो सगळं?” त्यांनी विचारलं. वर्गातल्या त्या संगणकापुढे मृणालिनीच बसली होती.

“काका, घाबरू नका. वेगवेगळं धरा,” मृणालिनी म्हणाली. “साइटचं नाव म्हणजे डोमेन. तो नुसता पत्ता. तो आपलाच आहे, शाबूत आहे. पत्त्यावर माणूस येतो ती खोली म्हणजे होस्टिंग. ती आपण भाड्याने घेतलीय. खोली ज्या इमारतीत आहे तो सर्व्हर, कुठेतरी दिवसरात्र चालू असलेला मोठा कॉम्प्युटर. आणि आपली यादी म्हणजे खोलीतलं सामान.”

“मग टाळं कुणी मारलं?”

“कंपनीने. आपल्या खोलीत बसून कुणीतरी लोकांना फसवतंय अशी तक्रार गेलीय.” तिने त्यांच्याकडे पाहिलं. “पासवर्ड आणखी कुणाला दिला होता, काका?”

जयवंतरावांनी अगदी सुरुवातीपासून सांगायला घेतलं.

परळला त्यांच्या गावाची एक खोली होती. दहा बाय बाराची, आणि माणसं अठ्ठावीस. प्रत्येकाची एक ट्रंक, एक खुंटी, आणि झोपायचं ते पाळीप्रमाणे. चावी चौकटीवर ठेवलेली असायची, कुणीही यावं आणि काढावी. संपात गिळायला दाणा नव्हता तेव्हासुद्धा गावातून आलेल्या माणसाला ट्रंक ठेवायला जागा नाही म्हणून कुणी परत पाठवलं नव्हतं. त्या खोलीत बुधाजी आणि जयवंत एका चटईवर निजले, गिरणीत शेजारशेजारच्या साच्यांवर उभे राहिले. आणि चार महिन्यांपूर्वी गावचा तुळशीदास गोड बोलत आला. म्हणाला, “काका, तुमच्या साइटवर एक कोपरा द्या, माहितीचं एक पान टाकतो.” जयवंतरावांनी पासवर्ड कागदावर लिहून त्याच्या हातात दिला. गाववाल्याला नाही कसं म्हणायचं?

हे सगळं त्यांनी मृणालिनीला सांगितलं. अंबिकावहिनींच्या देखत सांगताना मान वर होत नव्हती.

मृणालिनी पाऊण तास कंपनीशी फोनवर बोलली. तुळशीदासचं पान काढून टाकू आणि पासवर्ड बदलू असं लिहून दिल्यावर त्यांनी टाळं उघडलं. पान काढण्याआधी तिने ते वाचून दाखवलं. ‘गिरणीच्या यादीत नाव हवे आहे? भेटा.’ खाली तुळशीदासचा नंबर होता. 

“यादी बघ आधी, यादी,” जयवंतराव म्हणाले.

यादी होती. तिने शेवटचा आकडा वाचला, “चारशे बारा. एकही कमी नाही, काका.” जयवंतरावांनी हात जोडले. अंबिकावहिनींनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, “भावजी, ह्यांचा नाव वाचा बघू एकदा.”

बुधाजीचा नंबर जयवंतरावांना झोपेतसुद्धा आठवायचा. दोनशे सोळा. त्या ओळीवर बोट नेलं आणि बोट तिथेच राहिलं. दोनशे सोळावर कुणी किशोरचंद नावाचा माणूस होता. असा माणूस साचेखात्यात कधी नव्हता. वरच्या पानावर आणखी एक अनोळखी नाव दिसलं. त्याच्या वर आणखी एक. चावीने दार उघडतं एवढंच त्यांना ठाऊक होतं. आत शिरलेला माणूस दुसऱ्याच्या ट्रंकेतलं काढून आपलं भरून ठेवील, हे त्या खोलीत कधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

“कंपनीकडे जुनी प्रत असेल ना?” त्यांनी विचारलं.

“बॅकअप ते सातच दिवस ठेवतात. तुळशीदासने केव्हाच बदललंय, आणि कुणाकुणाची नावं गेली ते कळायला मार्ग नाही.” मृणालिनीचा चेहरा उतरला. “एक प्रत नेहमी घरी ठेवा, असं मी वर्गात रोज शिकवते. आणि मीच ठेवली नाही.”

नाव नाही हे अंबिकावहिनींना कुणी सांगायची गरज पडली नाही. जयवंतराव त्यांच्याकडे वळले. “वयनी, चावी मीच दिली. वहीसुद्धा मीच रद्दीत घालायला लावली.” त्यांना वाटलं, आता ही बाई ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“तुमका सगळी नावां पाठ असत ना? चाळीत सगळ्यांका सांगत फिरायचात,” त्या म्हणाल्या. “मगे सांगा तिका. ती लिवात.”

जयवंतरावांनी डोळे मिटले. साचेखातं उभं राहिलं, तो खडखडाट, रुईने पांढऱ्या झालेल्या भुवया. दारापासून सुरुवात केली. महादेव नाईक. रघु तेली. धर्मा पेडणेकर. मृणालिनीची बोटं भराभर चालू लागली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, बुधाजी आला, त्याच्या शेजारी ते स्वतः आले. अंबिकावहिनींनी सुस्कारा सोडला. जयवंतराव पुढच्या साच्यापाशी गेले. तिथे एक माणूस पाठमोरा उभा होता, खांद्यावर लाल पंचा, डाव्या हाताची करंगळी तुटलेली. सोळा वर्षं त्यांनी त्याच्या डब्यातली भाकरी खाल्ली होती.

“पुढे, काका?” मृणालिनीने विचारलं.

त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले. तो माणूस वळेना, त्याचं नाव ओठांवर येईना. अजून तीनशे नव्वदच्या वर नावं राहिली होती, आणि उद्यापरवा त्यातल्याच कुणाची तरी बायको अशीच पिशवी घेऊन इथे येणार होती.