डाव्या बाजूचं दार

माडीवरच्या सामानाच्या खोलीत भिंतीला टांगलेलं जीपचं डावं दार मंगळवारी सकाळी आतून लॉक झालं. आतून म्हणजे भिंतीच्या बाजूनं. रणधीर घोरपड्यांनी हँडल ओढून पाहिलं, आणि त्यांच्या मनात पहिला संशय आला तो बायकोचा.

घोरपडे साताऱ्याचे, आणि जीपच्या बाबतीत भलतेच कडक. त्यांच्या रविवारच्या जीपवाल्या मंडळींची रीतच होती. होळी झाली की दारं आणि वरचा टप उतरवायचे, मृगाआधी परत चढवायचे. दारं गोधडीत गुंडाळून, हँडल भिंतीकडे करून ठेवायची. यंदा मात्र घोरपड्यांना हौस आली. त्यांनी हुक ठोकले, डावं दार एका भिंतीला लावलं, उजवं समोरच्या, आणि हँडलं ठेवली खोलीकडे. झोकात दिसतं म्हणे!

डाव्या बाजूला त्यांच्या पत्नी कुंदाताई बसायच्या, सत्तावीस वर्षं. घाटातल्या वळणांवर जीव मुठीत धरून. माझ्या बाजूचं तेवढं राहू द्या, असं त्या दर होळीला म्हणायच्या आणि मंडळी पोट धरून हसायची. घोरपडेही हसायचे. यंदा त्या काहीच बोलल्या नव्हत्या. तेच आता घोरपड्यांना खटकायला लागलं.

बुधवारी काचेवर आतून वाफ धरली. गुरुवारी घरातून कुंदाताईंची उशी नाहीशी झाली, शुक्रवारी त्यांचा चहाचा कप. खोलीच्या छताला दोरांनी टांगलेला टपही रोज हातभर खाली येत होता. शनिवारी घोरपड्यांना वाकून आत जावं लागलं. त्यांनी दाराला कान लावला. पलीकडे गाडी चालू होती, तिसऱ्या गिअरमध्ये, चढाला. आवाज त्यांच्याच इंजिनाचा होता, आणि ते इंजिन खाली अंगणात बंद उभं होतं.

खाली येऊन त्यांनी आडून आडून विचारलं, हल्ली कुठं जाणं-येणं असतं का. कुंदाताई मेथी निवडत होत्या. असतं की, म्हणाल्या.

"गाडी कोण चालवतं?"

"तुम्ही नसता, एवढं खरं."

घोरपड्यांना जेवण गेलं नाही. मंडळींतल्या एकेकाला त्यांनी मनातल्या मनात त्या सीटवर बसवून पाहिलं, अगदी गुडघे बदललेल्या शिर्क्यांनासुद्धा. सगळ्यांवर संशय घेऊन झाला. पण खरं सांगायचं तर चालवणारा कोण, हे राहिलं बाजूला. एखाद्या दिवशी ही परत आलीच नाही तर काय करायचं, एवढी एकच भीती उरली.

रविवारी सकाळी त्यांनी तीनदा हाक मारली. घरातून ओ आली नाही. ते माडीवर गेले आणि रांगत खोलीत शिरले, कारण टप आता पाठीला लागत होता. डाव्या दाराची काच पुसून त्यांनी आत पाहिलं. रस्ता पळत होता. कुंदाताई ड्रायव्हरकडे तोंड करून काहीतरी सांगत होत्या आणि हसत होत्या. त्यांच्या आडून ड्रायव्हर दिसत नव्हता. घोरपड्यांनी काच ठोकली. त्या वळल्या नाहीत.

मग घोरपडे तसेच रांगत समोरच्या भिंतीपाशी गेले. उजवं दार, त्यांचं स्वतःचं, कधी लॉक झालंच नव्हतं. ओढल्याबरोबर उघडलं. तोंडावर वारा आला, धूळ आली. ड्रायव्हरच्या सीटवर कुणीच नव्हतं. स्टेअरिंग आपलं आपण वळत होतं, सावकाश आणि जपून, घोरपड्यांनी कधी वळवलं नव्हतं इतकं जपून. पलीकडे कुंदाताई बसल्या होत्या, कशालाही न धरता.

"मला घे," दाराच्या चौकटीची कड धरून घोरपडे म्हणाले. उभ्या जन्मात त्यांनी बायकोकडे असं काही मागितलं नव्हतं.

कुंदाताईंनी रिकाम्या सीटवरून वाकून दार धरलं.

"बोटं काढा," त्या म्हणाल्या. "दारात सापडतील."

घोरपड्यांनी एक बोट काढलं. मग दुसरं.