गारठलेला लॅपटॉप

नारिन शहराच्या बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात आयझिरेकने वडिलांचा लॅपटॉप ठेवला. माती देण्याआधी, रीतीप्रमाणे, वडिलांना दोन दिवस अंगणातल्या लोकरीच्या नमद्याच्या तंबूत ठेवलं होतं. लॅपटॉपही तिथेच गारठ्यात राहून गेला होता आणि आता सुरूच होत नव्हता. त्यांचा आवाज आता फक्त त्यातच होता.

"तोलोगोन बाइके," तिने दुकानदार काकांना विचारलं, "आतलं सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल? वडिलांचा आवाज आहे त्यात."

"शेगडीजवळ नेऊन लगेच बटण दाबलंस ना?"

तिने मान खाली घातली.

"शहाणीच आहेस! आत दव धरलंय."

त्याने बॅटरी काढली, तासभर सगळं उघडं वाळवलं आणि सरळ विजेला जोडलं. पडदा काळाच राहिला. मग पंखा घरघरला.

"बॅटरी गेली, पोरी. बाकी सगळं आहे. ऐकवू?"

"नको," ती घाईने म्हणाली. "घरी."